वर्गातलं वृत्तपत्र : पत्रकारिता शिकवणाऱ्या शिक्षकांसाठी आमच्या पेटीची माहिती

सर, मॅडम,

सांगलीच्या गणपती पेठेतला आमचा छापखाना लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं आणि हळदीच्या पाकिटांची लेबलं छापतो. त्याच यंत्रावर पत्रकारिता विभागांचे प्रायोगिक अंकही निघतात. ते अंक जुळवताना एक गोष्ट वर्षानुवर्षं दिसत आली. मुलांना बातमीची व्याख्या आणि सहा ककार (कोण, काय, कधी, कुठे, का, कसं) तोंडपाठ असतात. पण दीडशे शब्दांची बातमी हातात घेतली, तर मुद्द्याचं वाक्य शेवटून दुसरं आणि सुरुवातीला दीपप्रज्वलन. ही खोड भाषणानं जात नाही, हे पाहूनच आम्ही पेटी तयार केली.

पेटीत 30 मुलांना पुरेल एवढं साहित्य आहे : आठ कॉलम आखलेले मोठे कागद, मथळ्यांच्या पट्ट्या, चिठ्ठ्यांची पाकिटं, डिंक, सहा कात्र्या आणि ठणठणीत वाजणारं एक घड्याळ. संगणक लागत नाही. पेटी आठवड्याच्या भाड्यानं मिळते.

पहिली कात्री

सुरुवात इथूनच करा. प्रत्येकाला एकाच कार्यक्रमाची बातमी हातानं लिहायला लावा. मग काहीही न सांगता प्रत्येक कागदाचा खालचा तिसरा हिस्सा कात्रीनं कापून टाका. उरलेली बातमी शेजारच्यानं मोठ्यानं वाचायची. उलटा पिरॅमिड, म्हणजे महत्त्वाचं आधी आणि किरकोळ शेवटी, हे त्या मिनिटाला कळतं. पान लावताना जाहिरात आली की आमच्याकडेही खालूनच कापतात, वरून कुणी कापत नाही. पहिल्यांदा मुलं रागावतात. रागावू द्या.

पुराची रात्र

पेटीतला हा सगळ्यात मोठा खेळ. दोन तास लागतात, पण अर्ध्यावर सोडू नका.

वर्गाचे दोन-तीन डेस्क, म्हणजे बातम्या निवडणारे गट, पाडायचे. दर दहा मिनिटांनी तुम्ही एक चिठ्ठी टाकायची. पहिलीवर सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळची पाणीपातळी असते, दुसरीवर कोयना धरणातला विसर्ग (सोडलेलं पाणी), तिसरीवर गावातल्या कुणाचा तरी फोन, चौथीवर मोबाईलवर फिरणारा संदेश : ‘धरण फुटलं, सगळ्यांना पाठवा.’ आयर्विन पुलाची इशारा पातळी 40 फूट आणि धोका पातळी 45 फूट, एवढं आधी फळ्यावर लिहून ठेवा. ऑगस्ट 2019 मध्ये पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं. आमच्या छापखान्यातली कागदाची रिमं तेव्हाच गेली. म्हणून चिठ्ठ्या लिहिताना आम्ही फार कल्पना लढवलेली नाही.

मुलांनी ठरवायचं की काय छापायचं, काय थांबवायचं आणि खात्री कुणाकडून करायची. खात्रीसाठी ‘अधिकारी’ म्हणून एक विद्यार्थी बाहेर व्हरांड्यात बसतो. त्याच्याकडे खरी माहिती असते, पण नेमका प्रश्न विचारला तरच तो सांगतो. ‘साहेब, परिस्थिती काय आहे?’ असं विचारणाऱ्याला ‘नियंत्रणात आहे’ एवढंच उत्तर मिळतं. ‘किती वाजताची नोंद? मागच्या नोंदीपेक्षा किती वाढ?’ असं विचारणाऱ्याला आकडा मिळतो.

खरी परीक्षा आकड्यांची. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, हा पाण्याच्या प्रवाहाचा दर झाला. टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट, हा साठा. दिवसाचे सेकंद 86,400. म्हणजे एक लाख क्युसेकनं दिवसभर पाणी सोडलं, तर धरणातून 8.64 टीएमसी गेलं. कोयनेची साठवण क्षमता साधारण 105 टीएमसी आहे. हा हिशोब मुलांकडून एकदा कागदावर करून घ्याच. कारण ‘कोयनेतून एक लाख टीएमसी विसर्ग’ असा मथळा आमच्याकडे छपाईला आलेला आहे. एवढं पाणी सोडायला जवळपास साडेनऊशे कोयना धरणं लागतील! चूक प्रूफात, म्हणजे छपाईआधीच्या तपासणीच्या प्रतीत, सापडली आणि आमचीही अब्रू वाचली.

खेळ संपल्यावर एकच प्रश्न विचारा : धरण फुटल्याचा संदेश कोणत्या डेस्कनं घेतला, आणि का? जिथं घड्याळ सगळ्यात जवळ ठेवलेलं असतं, तिथंच बहुतेक वेळा हा घोळ होतो.

मथळ्याच्या पट्ट्या

पट्टीवर घरं आखलेली आहेत, एका घरात एक अक्षर. जोडाक्षर एकच धरायचं. ‘हळदीचा भाव वधारला’ हा मथळा दहा घरांत बसतो. नुसतं ‘जिल्हाधिकाऱ्यांनी’ म्हटलं की सहा घरं खर्च झाली, मग क्रियापदाला जागा कुठून आणणार? आधी बारा घरं द्या, मग दहा, मग आठ. मुलं आपोआप विशेषणं टाकून देतात. इंग्रजी मथळ्यांचे नियम इथं लावू नका. मराठीत ‘संपन्न’, ‘उत्साहात’ आणि ‘जल्लोषात’ हे तीन शब्द बंद केले, तरी वर्गाचं निम्मं काम होतं.

सौद्याची सकाळ

यासाठी वर्गाबाहेर पडावं लागतं. मार्केट यार्डात हळदीचे सौदे निघतात, तेव्हा पाच-पाच मुलांचे गट न्या. सांगलीच्या हळदीला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, हे सगळे लिहून आणतात, ते बाजूला ठेवा. एका गटानं शेतकऱ्याशी बोलायचं, दुसऱ्यानं अडत्याशी, तिसऱ्यानं खरेदीदाराशी, चौथ्यानं हमालाशी. सौदा तोच, पण बातम्या चार. त्या एकाखाली एक चिकटवा.

आणि भाव लिहिताना क्विंटलचा आहे का, किमान, कमाल की सर्वसाधारण, हे न लिहिणाऱ्याला पुन्हा यार्डात पाठवा. कमाल भावाचा मथळा वाचून शेतकरी गाडी भरून निघतो, आणि त्या दिवशी तो भाव फक्त दोन-चार पोत्यांना मिळालेला असतो.

छोटे प्रयोग

रेडिओ बातमीपत्रासाठी मोबाईल आणि एक जाड गोधडी पुरते. गोधडीखाली बसून रेकॉर्ड केलं की खोलीचा घुमारा जातो. वाचताना श्वास जिथं तुटतो, तिथं वाक्य लांब झालं असं समजा. माणदेशातल्या म्हसवडला माणदेशी फाउंडेशनचा सामुदायिक रेडिओ आहे. जमलं तर मुलांना एकदा घेऊन जा.

माहिती अधिकाराचा अर्ज सत्राच्या पहिल्याच आठवड्यात टाका. उत्तराला 30 दिवसांची मुदत असते, त्यामुळे उशिरा टाकलेला अर्ज परीक्षेनंतर फळतो. शुल्क 10 रुपये. महाराष्ट्राच्या नियमात अर्ज 150 शब्दांत आणि एकाच विषयावर हवा. एवढ्या शब्दांत नेमकं मागणं हाच एक लेखनाचा तास.

अत्याचाराच्या बातमीत नाव न छापणं मुलांना माहीत असतं. पण ‘अमुक शाळेतली, अमुक वाडीतली, तमुकच्या दुकानामागं राहणारी’ असं लिहिलं की नाव सांगितल्यासारखंच होतं. पेटीतलं लाल पाकीट याच सरावासाठी आहे. पीडित बालकाची ओळख उघड करण्याला पोक्सो कायद्यात (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्यात) शिक्षा आहे. तेव्हा हे पाकीट शिक्षकांनी स्वतः समोर बसूनच उघडावं.

अंक छापायचा असेल तर

मजकूर युनिकोडमध्ये पाठवा. जुन्या फॉन्टमधून बदलून घेतलेल्या मजकुरात रफार आणि जोडाक्षरं फुटतात. एकदा आमच्याच हातून ‘कार्याध्यक्ष’ पार विस्कटून छापला गेला आणि सगळा अंक पदरचा कागद घालून पुन्हा काढावा लागला. तेव्हापासून छपाईआधीच्या प्रूफावर दोन विद्यार्थ्यांची सही घेतो, शिक्षकांची नाही. सही करणारा मुलगा प्रत्येक ओळ बोट ठेवून वाचतो.

6 जानेवारीला, म्हणजे 1832 मध्ये बाळशास्त्री जांभेकरांनी ‘दर्पण’ सुरू केलं त्या दिवशी, सगळ्यांनाच अंक हवा असतो. त्या आठवड्यात यंत्र मोकळं नसतं. डिसेंबरच्या मध्यापर्यंत मजकूर दिलात तर बरं. ‘दर्पण’मध्ये एक स्तंभ मराठी आणि एक इंग्रजी असे. तसा दोन स्तंभांचा अंक काढायचा असेल तर वेगळी आखणी मिळेल, जादा पैसे नाहीत.

पेटी परत करताना कात्र्या मोजा. सहा देतो, पाच येतात.