घर फिरते तेव्हा : कानातील तोलाची पार्श्वभूमी

सोलापूरच्या पूर्व भागातला एखादा यंत्रमाग कामगार सर्दी-ताप ओसरल्यावर आठवड्याभराने पहाटे उठतो, तो वीज गेलेली असूनही छताचा पंखा गरगरताना दिसतो, उलट्या सुरू होतात आणि घरचे त्याचे खापर पित्तावर नाहीतर उन्हावर फोडतात. डोळ्यांपुढे अंधारी येणे वेगळे आणि घर फिरणे वेगळे, हे आपली बोली चोख जाणते. दवाखान्यात सांगताना मात्र दोन्हींची ‘चक्कर’ होते. यातली दुसरी तक्रार बहुतेकदा आतल्या कानाची असते.

कानावर संशय यायलाच फार उशीर लागला. १८२०च्या दशकात पॅरिसमध्ये फ्लुरांस यांनी कबुतरांच्या कानातील अर्धवर्तुळाकार नलिका छेदल्या, तेव्हा पक्ष्यांना ऐकू येत राहिले, पण त्यांचा तोल गेला. तरीही घर फिरण्याची तक्रार करणाऱ्या रुग्णांच्या मेंदूत रक्त साचते असे समजून त्यांचे रक्त काढले जाई. १८६१ मध्ये प्रॉस्पेर मेनिएर यांनी दोष कानाचा असल्याचे मांडले. पुढे व्हिएन्नात रॉबर्ट बारानी यांच्या लक्षात आले, की कानात थंड पाणी सोडले की डोळे एका दिशेला झटके देतात आणि गरम सोडले की उलट दिशेला. या कामाचे १९१४चे नोबेल जाहीर झाले तेव्हा ते रशियात युद्धकैदी होते.

ऐकू नीट येते, पण तोल अचानक जातो, अशा रुग्णांचे सविस्तर वर्णन डिक्स आणि हॉलपाइक यांनी १९५२ मध्ये केले. हाच आजचा व्हेस्टिब्युलर न्यूरायटिस, म्हणजे तोलाच्या नसेची सूज. ऐकूही कमी आले तर लॅबिरिंथायटिस. विषाणूवरचा संशय जुना आहे आणि तोलाच्या नसेवरील चेतापेशींच्या गाठीत नागिणीच्या नव्हे, तर ओठांवर फोड आणणाऱ्या हर्पिस विषाणूचे अंश सापडले आहेत. मात्र २००४ साली प्रसिद्ध झालेल्या जर्मन चाचणीत विषाणूविरोधी औषधाचा उपयोग दिसला नाही. स्टेरॉइडने नलिकांचे काम अधिक सुधारले.

बोलणे अडखळणे, एकाचे दोन दिसणे किंवा आधाराशिवाय उभेही न राहता येणे, ही लक्षणे सोबत असतील तर अर्धांगाची शंका घेऊन तातडीने इस्पितळ गाठावे लागते. एरवी गरगर काही दिवसांत उतरते, डोलल्यासारखे मात्र काही आठवडे वाटत राहते, कारण एका कानाची उणीव मेंदूला शिकून भरून काढावी लागते. त्यासाठीचे नजरेचे आणि मानेचे व्यायाम १९४०च्या दशकात ब्रिटनमध्ये कॉथॉर्न आणि कुक्सी यांनी बसवले. अंगठा डोळ्यांसमोर धरायचा, नजर त्यावरच ठेवायची आणि मान डावी-उजवीकडे फिरवायची, इतके ते साधे असल्याने ओट्यावर बसूनही होतात. चक्करेच्या गोळ्या पहिल्या दोन-तीन दिवसांपुरत्याच असतात, कारण पुढे त्या मेंदूचे हे शिकणे लांबवतात. आपल्याकडे त्याच चिठ्ठीवर महिनोन्‌महिने आणल्या जातात.