स्लॅबवर चिरे रचण्याआधी

मे महिना लागला की मालवण-वेंगुर्ल्याकडे एकच घाई असते: मृगाआधी स्लॅब झाला पाहिजे. स्लॅब होतो आणि आठवड्याभरात वरच्या मजल्याचे चिरे त्याच्यावरच रचले जातात, कारण पाऊस सुरू झाला की ट्रक आवारात शिरत नाही. आमच्याकडून चिरे, सिमेंट, सळई नेणाऱ्यांना ‘कोवळ्या स्लॅबवर रास रचू नका’ हे आम्ही तोंडी सांगतोच. घाईत ते विसरलं जातं, म्हणून लिहून देत आहोत.

हिशेब करून बघा. १४ × ९ × ७ इंची जांभ्याचा चिरा तीसेक किलोचा. आडवे मांडले तर चौरस मीटरमध्ये बारा बसतात, म्हणजे एकाच थराचे ३६० किलो. राहत्या खोलीत माणसं आणि सामान मिळून चौरस मीटरला साधारण २०० किलो धरावेत, असं आयएस ८७५ हे बांधकामावरच्या भाराचं भारतीय मानक सांगतं. तीन थर रचलेत की टनाच्या वर गेलात, आणि रास बहुधा खोलीच्या मधोमध असते, जिथे स्लॅब सर्वांत जास्त वाकतो.

स्लॅब मोडला नाही म्हणून निर्धास्त राहू नका. वजन ठेवल्याबरोबर काँक्रीट थोडं वाकतं आणि वजन उतरवलं की बरंचसं सरळ होतं. पण वजन तसंच राहिलं तर वाकणं पुढेही महिनोन्‌महिने हळूहळू चालू राहतं, आणि ते पूर्ण परत येत नाही. याला इंजिनिअर क्रीप म्हणतात. काँक्रीट जितकं कोवळं तितकं हे जास्त: आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकात क्रीपचा गुणांक (सुरुवातीच्या वाकण्याच्या किती पट पुढे वाढतं तो आकडा) सातव्या दिवशी आलेल्या भाराला २.२, २८व्या दिवशी १.६ आणि वर्षानंतर १.१ दिला आहे. शिवाय कोवळ्या काँक्रीटला पडलेल्या भेगा चिरे उतरवले तरी सांधत नाहीत, आणि भेगाळलेला स्लॅब पुढे थोड्या वजनालाही जास्त वाकतो.

टेकू काढण्याची कमीत कमी मुदत साध्या ओपीसी (ऑर्डिनरी पोर्टलँड) सिमेंटला अशी: दोन आधारांमधलं अंतर साडेचार मीटरपर्यंत असलेल्या स्लॅबला ७ दिवस, त्यापुढे १४, सहा मीटरपर्यंतच्या बीमला १४, त्यापुढे २१. पीपीसी (पोझोलाना मिसळलेलं, सावकाश ताकद धरणारं सिमेंट) वापरलं असेल तर आणखी थांबा. ही मुदत संपली म्हणजे रास रचायला मोकळीक मिळाली, असं नाही. चिरे जमिनीवर, ताडपत्रीखाली ठेवा. वर न्यावेच लागले तर लागतील तेवढेच, भिंतीच्या कडेने.

बरेच जण विचारतात, ‘फे ५०० प्रतीच्या सळईऐवजी ५५० घातली तर स्लॅब कमी वाकेल ना?’ नाही. हा आकडा सळई किती ताण सोसते ते सांगतो. ताणाखाली ती किती लांबते, ते दोन्हींत सारखंच. वाकणं कमी करते ती जाडी: चार इंचांचा स्लॅब पाच इंचांचा केला तर कडकपणा जवळजवळ दुप्पट होतो. उलट, त्याच जाडीत दहा फुटांची खोली बारा फुटांची केलीत तर स्लॅब दुपटीने वाकतो. म्हणून नकाशा ठरल्यावर खोली ‘जरा वाढवायची’ असेल तर आधी इंजिनिअरना विचारा.

सज्जा आणि गॅलरीकडे आमचं सर्वांत जास्त लक्ष असतं. तिथे ताण वरच्या अंगाला येतो, म्हणून मुख्य सळई वर हवी. काँक्रीट ओतताना माणसं त्याच सळईवरून चालतात आणि ती दबून तळाला जाते. वरून सगळं नीट दिसतं, पण टेकू काढल्यावर सज्जा भिंतीजवळ तडकतो, कधी कोसळतो. सळईखाली तिला उचलून धरणाऱ्या खुर्च्या (वाकवलेल्या सळईचे आधार) घालून घ्या, चालायला फळ्या टाका, आणि ओतताना स्वतः तिथे उभे राहा.

भेगांबद्दल. बीमच्या पोटात केसासारखी, बीमच्या रुंदीत जाणारी भेग दिसली तर घाबरू नका. काँक्रीट ताणाला दाबाच्या मानाने साधारण दहावा हिस्साच टिकतं, म्हणून तिथे सळई काम करते. पण भेग सळईच्या लांबीने जात असेल, तांबूस डाग असेल, ठोकल्यावर पोकळ वाजत असेल, तर खाऱ्या हवेने आत गंज धरला आहे. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो आणि कव्हर, म्हणजे सळईवरचा काँक्रीटचा थर, फोडतो. किनाऱ्यावरच्या उघड्या कामाला आयएस ४५६ प्रमाणे किमान एम ३० प्रतीचं काँक्रीट आणि ४५ मिलिमीटर कव्हर लागतं. त्या मापाचे कव्हर ब्लॉक आमच्याकडे मिळतात. अशा भेगेवर नुसता गिलावा मारू नका. शेजारी पट्टी धरून फोटो काढा आणि दुकानात घेऊन या.