ब्लेडने दाढी केली की केस जाड येतात?

"ब्लेड लावलं की केस जाड आणि काळे येतात" हे वर्षानुवर्षं फिरतंय, आणि मग सेफ्टी रेझर शिकायला निघालेली पोरं ट्रिमरवरच थांबतात. तसं होत नाही. केस तयार होतो कातडीखाली मुळाशी, ब्लेड कापतं तो वरचा निर्जीव भाग, मुळाला त्याचा पत्ताही नसतो. मग जाड का वाटतात? न कापलेल्या केसाचं टोक निमुळतं असतं, कापल्यावर ते सपाट होतं म्हणून खुंट बोटाला टोचतात. शिवाय 17-18 व्या वर्षी दाढी तशीही दाट होतच असते, श्रेय ब्लेडला जातं. 1928 सालीच हे प्रयोग करून तपासलंय, फरक सापडला नाही. आपल्याकडे गंगेवर, रामकुंडाला मुंडण केलेल्यांचं आधीपासूनचं टक्कल तरी कुठे भरून येतं. घरी बघायचं तर हातावरच्या छोट्या पट्ट्यातले केस काढा, शेजारचे ठेवा, दोन-तीन महिन्यांनी पूर्ण वाढले की ताडून बघा. आणि रेझर कातडीशी साधारण 30 अंशात धरा, दाबू नका, त्याचं वजन पुरतं, आधी सुलटा हात (केस वाढतात त्या दिशेने), उलटा नंतर कधीतरी.