जुन्या टर्बो गाडीत आफ्टरमार्केट गेज बसवणं

कंपनीच्या मीटरमध्ये जे दिसत नाही, म्हणजे बूस्ट (टर्बो इंजिनमध्ये कोंबतो त्या हवेचा दाब), ऑइल प्रेशर, ऑइल टेंपरेचर, एक्झॉस्टची उष्णता, हवा आणि पेट्रोलचं प्रमाण, ते दाखवणारे वेगळे गोल मीटर केबिनमध्ये लावणं म्हणजे आफ्टरमार्केट गेज बसवणं. पॉड, म्हणजे गेज धरणारी वाटी, चिकटवणं हे यातलं सगळ्यात सोपं काम, खरी मेहनत त्या काट्यापर्यंत खरी माहिती पोचवण्यात जाते.

गरज का पडते तर टर्बोचा शाफ्ट मिनिटाला १ लाखाच्या वर फिरतो आणि साध्या बेअरिंगच्या टर्बोत तो नुसत्या ऑइलच्या पातळ थरावर तरंगत असतो, प्रेशर गेलं की वाट लागायला फार वेळ लागत नाही. आणि डॅशवरचा लाल ऑइलचा दिवा तेव्हाच लागतो जेव्हा प्रेशर जवळपास संपलेलं असतं. टेंपरेचरचा काटाही बऱ्याच गाड्यांत मुद्दाम असा बनवलेला असतो की बऱ्याच मोठ्या रेंजमध्ये तो मधेच उभा राहतो आणि हलतो तेव्हा उशीर झालेला असतो. काही कंपन्यांनी बूस्ट गेज स्वतःच दिलं होतं, १९७३ च्या बीएमडब्ल्यू २००२ टर्बोत ते होतं, साब ९०० टर्बोतही होतं पण त्यावर आकडे नव्हते, नुसते रंगाचे पट्टे.

गेजचा सर्रास चालणारा साइज ५२ मिमी, त्याच्यावरचा ६० मिमी. जागा म्हणाल तर ए-पिलर (पुढच्या काचेच्या बाजूचा खांब), स्टीअरिंग कॉलमच्या वर, एसीचं व्हेंट, रेडिओचा रिकामा खाचा. पिलरवर नजर पटकन जाते पण आधी बघा की तिथे कर्टन एअरबॅग नाही ना, असेल तर तो विषयच सोडून द्या. जुनं प्लास्टिक फार ठिसूळ झालेलं असतं, थंडीत पिलरची ट्रिम ओढली की क्लिप कटकन तुटते, हेअर ड्रायरने जरा ऊब देऊन हळूहळू काढली तर वाचते. मूळ डॅशबोर्डला भोक पाडू नका हे माझं ठाम मत, कारण पॉड पुन्हा काढता येतो, भोक बुजत नाही आणि जुन्या गाडीचा चांगला डॅश शोधायला जन्म जातो.

बूस्टची नळी थ्रॉटल बॉडीच्या पुढे, इनटेक मॅनिफोल्डवर घ्यायची, तरच व्हॅक्यूम आणि बूस्ट दोन्ही दिसतात. टर्बोजवळच्या पाइपवरून घेतली तर आयडलला (गाडी उभी, इंजिन नुसतं चालू) काटा शून्यावरच बसून राहील. फ्युएल प्रेशर रेग्युलेटरच्या नळीत टी (तीन तोंडांचा जोड) टाकायचा मोह होतो कारण ती समोरच असते, पण तो टी गळला तर रेग्युलेटरला बूस्ट कमी पोचतो, पेट्रोल कमी पडतं आणि ऐन जोरात इंजिन लीन (हवा जास्त, पेट्रोल कमी) होऊन नॉक करायला, म्हणजे आत अवेळी पेट घेऊन ठोकायला लागतं, म्हणून स्वतंत्र पोर्टच बरा. नळी फायरवॉलमधून (इंजिन आणि केबिनमधला पत्रा) नेताना भोकाला रबरी ग्रोमेट, म्हणजे कडं, पाहिजेच, पत्र्याची धार नळी कापते. काटा थरथरत असेल तर नळीत छोटा रिस्ट्रिक्टर (बारीक भोकाचा अडथळा) टाका.

ऑइल प्रेशरसाठी मी इलेक्ट्रिक गेजच सांगेन, मेकॅनिकलमध्ये गरम ऑइलची बारीक नळी तुमच्या पायाजवळ येते. सेन्डर (प्रेशर मोजून गेजला कळवणारा सेन्सर) मूळ स्विचच्या जागी टी लावून किंवा ऑइल फिल्टरखाली सँडविच प्लेट घालून बसवतात. पितळेच्या टीवर जड सेन्डर लटकवला की व्हायब्रेशनने टी मानेतच तुटतो आणि सगळं ऑइल रस्त्यावर, त्यामुळे ब्रेडेड नळी घेऊन सेन्डर बॉडीवर बांधलेला चांगला. आट्यांकडे लक्ष द्या, १/८ एनपीटी आणि १/८ बीएसपीटी (अमेरिकन आणि ब्रिटिश मापाचे आटे) दिसतात सारखे पण एकात इंचाला २७ आटे, दुसऱ्यात २८, पहिल्या दोन वळशांना बसतात आणि मग ब्लॉकचे आटे खातात. शिवाय एका वायरचा सेन्डर आट्यांमधूनच अर्थ (अर्थिंग) घेतो, त्यावर टेफ्लॉन टेप दाबून गुंडाळला की रीडिंग चुकतं. मी एकदा चांगला सेन्डर खराब समजून बदलला, दोष टेपचा होता.

एक्झॉस्ट टेंपरेचरचा प्रोब टर्बोच्या आधी एक्झॉस्ट मॅनिफोल्डमध्ये लागतो, भोक पाडताना मॅनिफोल्ड उतरवा नाहीतर कीस सरळ टर्बाइनमध्ये जातो. वाइडबँड सेन्सर (हवा आणि पेट्रोलचं प्रमाण सांगणारा) मात्र टर्बोच्या नंतर डाउनपाइपमध्ये, आडव्यापासून निदान १० अंश वर उचललेला, म्हणजे साचलेलं पाणी त्याच्यावर पडत नाही. हवा आणि पेट्रोलचं आदर्श प्रमाण वजनाने १४.७ ला १, बूस्टमध्ये ते यापेक्षा रिच, म्हणजे पेट्रोल जास्त, पाहिजे.

वायरिंगमध्ये साधारण चार वायर असतात, इग्निशनचा १२ व्होल्ट, कायमचा १२ व्होल्ट, दिव्यांचा आणि अर्थ, आणि सप्लाय फ्यूजमधूनच घ्यायचा. हेडलाइट लावल्यावर प्रेशरचा काटा सरकला तर इंजिनला काही झालेलं नाही, अर्थ कच्चा आहे, रंग खरवडून उघड्या पत्र्यावर सगळ्या गेजचा अर्थ एकाच जागी घ्या.

रेसवाले गेज पॉडमध्ये फिरवून बसवतात, नॉर्मल रीडिंगला काटा बरोबर १२ वाजल्यासारखा उभा राहील असा. आकडे तिरके दिसतात, पण वळणात आकडा वाचायला वेळ कुठे असतो, काटा कलला एवढं डोळ्याच्या कोपऱ्यातून कळतं. ऑइल प्रेशरसाठी गरम इंजिनला दर १००० आरपीएममागे साधारण १० पीएसआय हा जुना अंदाज अजून चालतो. बसवून झाल्यावर पहिल्यांदा स्टार्ट करा ते बॉनेट उघडं ठेवून, टॉर्च घेऊन सँडविच प्लेटभोवती बोट फिरवा, मग इंजिन पूर्ण गरम झाल्यावर पुन्हा एकदा फिरवा, कारण इंजिन थंड असताना कोरडी असलेली सील गरम ऑइलला ओलसर होते.