आजोबांची शिकारीची बंदूक: वारसाने परवाना कसा घ्यायचा?

आजोबा गेले की जमीन वारसांकडे येते, बंदूक तशी येत नाही. परवाना त्यांच्या नावाचा होता. तुमच्या नावाचा परवाना नसताना ती कपाटात ठेवणं हा शस्त्र अधिनियम 1959 नुसार गुन्हा आहे, एकही गोळी झाडली नसली तरी.

म्हणून दिवसकार्य उरकलं की उशीर न करता बंदूक आणि उरलेली काडतुसं जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्र विक्रेत्याकडे जमा करा. निघण्याआधी ठाण्यात फोन करून कळवा. पावतीवर बंदुकीचा क्रमांक आणि बोअर (नळीच्या आतला व्यास) बरोबर लिहिलाय का, हे तिथेच तपासा. कलम 21 प्रमाणे, जमा केलेलं शस्त्र मुदतीत सोडवलं किंवा विकलं नाही, तर ते सरकारजमा होऊ शकतं. बहुतेक घरं इथेच गाफील राहतात.

वारसाला परवाना देण्याची तरतूद शस्त्र नियम 2016 मधल्या नियम 25 मध्ये आहे. आजोबा हयात असून सत्तरी गाठलेले असतील, किंवा ती बंदूक त्यांच्याकडे 25 वर्षं असेल, तर ते स्वतःच वारस नेमू शकतात. माझ्या मते हाच सर्वांत सोपा मार्ग, कारण नंतर भावंडांच्या सह्या गोळा करण्यात महिने जातात.

अर्जदाराचं वय किमान 21 हवं. 2019 च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच बंदुका ठेवता येतात, त्यामुळे आधीच दोन असतील तर तिसरी मिळणार नाही. अर्ज नमुना ए-1 मध्ये जिल्हाधिकाऱ्यांकडे, आयुक्तालय असलेल्या शहरात पोलीस आयुक्तांकडे करायचा. सोबत मृत्यू दाखला, मूळ परवाना, जमा पावती, इतर वारसांचं ना-हरकत, वय आणि पत्त्याचा पुरावा, फोटो, वैद्यकीय दाखला. मग पोलीस चौकशी. रायफल .303 असेल तर ती प्रतिबंधित बोअरमध्ये मोडते आणि प्रकरण केंद्रीय गृह मंत्रालयाकडे जातं.

आता काडतुसांचं. जुन्या बोअरची मिळत नाहीत म्हणून घरी भरायचा मोह होतो. तो कृपा करून टाळा. काडतूस बनवायला कलम 5 खाली वेगळा परवाना लागतो, बंदुकीचा परवाना त्याला चालत नाही. शिवाय काळ्या दारूसाठी घडवलेल्या नळीत आजची धूरविरहित दारू भरली, तर दाब इतका चढतो की नळी हातातच फुटू शकते. परवाना हाती आल्यावरही, पहिला बार काढण्याआधी परवानाधारक कारागिराकडून नळी आणि खटका तपासून घ्या.