रोझ हिल दफनभूमी आणि तिची पायवाट

अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यात, माउंट डायब्लो या डोंगराच्या उत्तरेकडील टेकड्यांमध्ये ब्लॅक डायमंड माइन्स हे राखीव क्षेत्र आहे. अँटिओक शहराकडून येणारा समर्सव्हिल रस्ता जिथे संपतो, तिथून नॉर्टनव्हिल पायवाट सुरू होते. या वाटेने सुमारे अर्धा मैल चढून गेले की रोझ हिल ही खाणकामगारांची जुनी दफनभूमी लागते. अंतर थोडे असले तरी चढ दमवणारा आहे. वाटेवर सावली जवळजवळ नाहीच, त्यामुळे उन्हाळ्यात सकाळी लवकर निघावे. फेब्रुवारी ते एप्रिल या काळात हेच डोंगर हिरवेगार असतात. दफनभूमीतली सरूची उंच, काळपट झाडे खालूनच दिसू लागतात आणि वाट चुकत नाही.

१८६०च्या सुमारास इथे कोळसा सापडला आणि पाच गावे उभी राहिली: नॉर्टनव्हिल, समर्सव्हिल, स्टुअर्टव्हिल, वेस्ट हार्टली आणि जडसनव्हिल. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत या खाणींतून जवळपास ४० लाख टन कोळसा निघाला. तो हलक्या प्रतीचा होता. बाहेरून चांगला कोळसा येऊ लागताच खाणी बंद पडल्या. लोक पांगले, कित्येकांनी घरेही उचलून नेली. म्हणून या गावांत कोण राहत होते हे जाणून घ्यायचे तर टेकडीवरच्या थडग्यांच्या दगडांकडेच जावे लागते.

ही प्रॉटेस्टंट दफनभूमी. दहापेक्षा जास्त देशांची माणसे इथे विसावली आहेत, पण त्यांत वेल्समधून आलेले खाणकामगार पुष्कळ. काही दगडांवरचा मजकूर वेल्श भाषेत आहे. पोटासाठी समुद्र ओलांडून आलेल्यांनी शेवटचे शब्द मात्र मायबोलीतच कोरून घेतले. खाणीतल्या अपघातांत दगावलेले पुरुष इथे आहेत. १८७६ मध्ये ब्लॅक डायमंड खाणीत मोठा स्फोट झाला होता. बाळंतपणात गेलेल्या बायका आहेत. आणि मुले आहेत. देवी, घटसर्प, विषमज्वर यांच्या साथी आल्या की घरेच्या घरे रिकामी होत. लहानग्यांच्या दगडांपाशी वाकून बसल्याशिवाय अक्षरे वाचता येत नाहीत, आणि वाचल्यावर चटकन उठवत नाही.

इथले सर्वांत परिचित नाव सारा नॉर्टन हिचे. नॉर्टनव्हिल वसवणाऱ्या नोआ नॉर्टनची ती पत्नी, पंचक्रोशीची सुईण. शेकडो बाळे तिच्या हातांवर जन्मली. १८७९ मध्ये एका बाळंतिणीकडे जात असताना घोडे उधळले आणि बग्गीतून पडून ती गेली. तिला धर्मविधी नको होते. तरी लोकांनी दोनदा प्रार्थना ठरवली, तेव्हा दोन्ही वेळा वादळाने लोकांना पांगवले, असे सांगतात. शेवटी विधीविनाच तिला माती देण्यात आली. पुढे तिच्या भुताच्या गोष्टी पसरल्या. जिने आयुष्यभर लोकांची बाळंतपणे केली, तिची ओळख भूत म्हणून उरावी हे योग्य नाही.

दफनभूमी १९५४ पर्यंत वापरात होती. त्यानंतर बरीच वर्षे तिला वाली नव्हता. दगड फोडले गेले, काही चोरीला गेले. १९७० च्या दशकात हा परिसर ईस्ट बे विभागीय उद्यान मंडळाकडे आला आणि फुटके दगड सांधून पुन्हा उभे करण्याचे काम सुरू झाले. नेलेले काही दगड परतही आले. कुणाच्या घरी, अंगणात असा दगड असेल तर तो आणून द्यावा, असे आवाहन उद्यानाकडून केले जाते.