लाल दिव्याचं अर्धं काम

माझ्या जुन्या डिझेल गाडीला नाना पेठेतून नवी बॅटरी आणून बसवली आणि चौथ्याच दिवशी सेल्फ ‘टक्’ करून गप्प. सोसायटीतल्या दोघांनी धक्का मारून दिला. एक म्हणाला, बॅटरीच खराब निघाली. दुसऱ्याने बंपरला लिंबू-मिरची बांधायला सांगितली. लिंबात जस्ताची आणि तांब्याची पट्टी खुपसली तर जेमतेम एक व्होल्ट मिळतो. दोऱ्याला टांगलेल्या लिंबातून तेवढाही नाही.

मल्टिमीटर लावला. इंजिन सुरू असताना बॅटरीवर १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसायला हवेत, दिसले १२.१. म्हणजे चार्जिंग शून्य. वीज तयार करणाऱ्या अल्टरनेटरचा बेल्ट घट्ट, त्याचे कार्बनही (फिरत्या भागाला वीज पोचवणारे ब्रश) पुरेसे लांब. पण त्याच दुपारी कात्रजचा घाट चढून आलो आणि मीटर १४.१ दाखवायला लागला! दुसऱ्या दिवशी पुन्हा १२.

पेट्रोल गाडी अशा वेळी रस्त्यातच आचके देते. जुन्या डिझेलला ठिणगी लागत नाही, पंपही यांत्रिक. इंजिन चालू ठेवायला स्टॉप सोलेनॉइडपुरती (डिझेलचा पुरवठा उघडा ठेवणाऱ्या विजेच्या झडपेपुरती) वीज मिळाली की झालं. त्यामुळे दुखणं कळतं ते सकाळी, हीटर प्लग (थंड इंजिन आतून तापवणारे) आणि सेल्फ एकदम वीज मागतात तेव्हा.

आता माझा आवडता भाग. आपण ज्याला सवयीने डायनॅमो म्हणतो त्या अल्टरनेटरमध्ये कायमचा चुंबक नसतो. रोटरच्या (आत फिरणाऱ्या भागाच्या) वेटोळ्यातून वीज गेली तरच तो जोरदार चुंबक होतो. एकदा वीज तयार व्हायला लागली की तीन छोट्या डायोडमधून (वीज एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या भागांतून) तो स्वतःचीच वीज घेतो. पण पहिला घोट? तो बॅटरीकडून, डॅशबोर्डवरच्या लाल दिव्यातून येतो! दिव्याचं एक टोक चावीमार्गे बॅटरीला, दुसरं रेग्युलेटर (व्होल्टेज आवरणारा भाग) आणि कार्बनमार्गे रोटरला. साधारण पाव अँपिअर वाहतो, दिवा लागतो. इंजिन फिरलं की दुसरं टोकही १४ व्होल्टवर चढतं. दोन्ही टोकांना दाब सारखा, मग वाहणार काय? दिवा विझतो. त्याला कुणी विझवत नाही.

माझ्या गाडीत त्या दिव्याचा बल्बच उडाला होता. चावी फिरवल्यावर दिवा लागत नव्हता आणि मी ते शुभलक्षण समजत होतो. घाटात खालच्या गिअरला इंजिन जोरात फिरलं, तेव्हा रोटरच्या लोखंडात उरलेल्या किंचित चुंबकत्वातून डायोडचा उंबरठा ओलांडण्याइतका दाब तयार झाला आणि अल्टरनेटर आपोआप जागा झाला. काही गाड्यांत दिव्याला समांतर रोधक (रेझिस्टर) असतो, बल्ब उडाला तरी त्यातून पहिला घोट मिळतो; तिथे हा खेळ होत नाही.

एक मात्र करू नका. चालू गाडीत बॅटरीचा टर्मिनल काढून ‘गाडी बंद पडते का बघू’ म्हणणारे अजून आहेत. त्या क्षणी व्होल्टेज उसळतं आणि धडधाकट डायोडही जाऊ शकतात.

बल्ब चहाच्या पैशात आला. परवा रात्री हेडलाइट लावल्यावर मात्र तोच दिवा अगदी पुसट मिणमिणताना दिसला. दोन टोकांच्या दाबात कुठेतरी थोडा फरक पडतोय. रविवारी मीटर एसी व्होल्टवर लावून डायोड बघायचे आहेत.